शीताईचे बगळे

आमच्या सासूबाईंना सगळी बिल्डिंग शीताई म्हणते. नव्या भाडेकरूंना ते त्यांचं खरंच नाव वाटतं. पण ते पडलं त्यांच्या तोंडच्या पहिल्या शब्दावरून. दुधावरची साय ओठाला लागली, शी. जिन्याच्या कठड्याला कुणाचा तरी घामट हात लागलेला, शी. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी चहाचे कप उचलताना माझी बोटं कपांच्या आत गेली. त्यांनी बोटांकडे पाहिलं, कपांकडे पाहिलं आणि अगदी हळू, मला ऐकू जाईल इतपतच म्हणाल्या, "शी." नव्या सुनेचं असं स्वागत फार थोड्या घरांत झालं असेल.

निवृत्त होईपर्यंत त्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत होत्या. तळघरात मोठाली यंत्रं, वरच्या मजल्यांवरून नळकांड्यातून धपाधप पडणारी चादरींची गाठोडी, आणि ती सोडून कपडे वेगळे करणाऱ्या बायकांची रांग. त्या रांगेत त्या पहिल्या. रक्त, पू, ओकारी, आणखी काय काय. लोकांना वाटतं, असल्या कामाने माणसाची किळस मरते. यांची वाढली. गाठोडं सोडायच्या आधीच आत काय आहे ते त्या वासावरून सांगायच्या म्हणे, आणि दर वेळी नाक तितकंच मुरडायच्या. "सवय झाली असं म्हणणाऱ्या बायका घाण ठेवायच्या," त्या मला एकदा म्हणाल्या. "नीट बघायच्याच नाहीत ना. मला शिसारी यायची म्हणून माझी चादर स्वच्छ निघायची."

सासरे याच्या अगदी उलट. त्यांना आम्ही बाबा म्हणतो. छापखान्यात जुळारी होते, अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवायचे. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बोलणं तर इतकं कमी की दिवसभर लोकांचे शब्द जुळवून यांचे स्वतःचे संपले असावेत, असं माझा नवरा म्हणायचा. काही विचारलं की "हूं." जेवायला बोलावलं की "हूं." घरी आल्या आल्या मोरीत जाऊन बराच वेळ चूळ भरायचे आणि तोंडात लवंग टाकायचे. सासूबाईंना त्याचं फार कौतुक. "बाहेरची धूळ घरात आणत नाहीत," त्या म्हणायच्या.

बिल्डिंग चार मजल्यांची. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना वळतो तिथे एक कोपरा आहे. वरच्या झरोक्यातून थोडासा उजेड येतो, बाकी अंधारच. त्या कोपऱ्यात लोक थुंकायचे. किती वर्षं थुंकत होते कोण जाणे. भिंतीचा मूळचा रंग पिवळा होता की हिरवा, हे सांगायला कुणी जिवंत नव्हतं. खालचा हातभर भाग तपकिरी, चकचकीत, वर ओघळ वाळलेले, फरशीच्या कडेला सिगारेटची थोटकं. सासूबाई तिथून श्वास रोखून जायच्या. हातात भाजीच्या दोन पिशव्या, तोंड मिटलेलं, डोळे समोर, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर मोठ्याने, "शी!"

मी शाळेत हस्तकला शिकवते. एका सुट्टीत मी मुलांसाठी पॉलिमर क्लेच्या टाइल्स करून पाहायला घेतल्या. क्ले म्हणजे म्हणायला माती, असतं ते प्लॅस्टिकच, पण लोण्याच्या गोळ्यासारखं मऊ. ते मळायचं, हँडलच्या छोट्या यंत्रातून सारख्या जाडीचं लाटून काढायचं, साच्याने चौकोन पाडायचे आणि लहान ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजायचे. गार झाले की कडक होतात. मग ते तुकडे चित्रासारखे फळीवर चिकटवायचे आणि मधल्या फटी लुकणाने भरायच्या. असं मोझॅक करून त्या कोपऱ्यात लावलं तर लोक थुंकायचे थांबतील, ही कल्पना माझीच. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मान डोलावली. त्यात त्यांचं स्वतःचं काही जात नव्हतं.

सासूबाईंना पहिल्या दिवशी मी तो गोळा हातात दिला. त्यांनी दोन बोटांत दाबला आणि झटकन खाली टाकला. "कुणाच्या तरी कानाची पाळी दाबल्यासारखं लागतंय. शी!" मग नाकाला लावून पाहिला. "आणि हा वास? नव्या बाहुलीच्या डोक्याचा." त्या उठून गेल्या, साबणाने दोनदा हात धुतले.

दुसऱ्या दिवशी माझं पहिलं ताट जळलं. ओव्हनचा खटका मी चुकून पुढे सरकवला होता. टाइल्सना फोड आले, त्या तपकिरी पडल्या, आणि धूर असा सुटला की डोळे आणि घसा एकदमच चरचरले. आम्ही सगळे गॅलरीत धावलो. पडद्यांना तो वास कितीतरी दिवस होता. सासूबाईंनी ओव्हन स्वयंपाकघरातून उचलून गॅलरीत ठेवला आणि बजावलं, "यात पुन्हा अन्न शिजायचं नाही. मी मेले तरी नाही."

एवढं होऊन त्या या कामात पडल्या कशा, तर एका केसामुळे. मी पांढऱ्या टाइल्स पॉलिशपेपरने घासत बसले होते. त्या चष्मा लावून मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय आहे आत?"

"कुठे काय, आई?"

"इथे. केस आहे. आणि इथे निळा धागा. आणि हा काळा ठिपका? माशीची घाण आहे का?"

पांढरी क्ले सगळं ओढून घेते. स्वेटरची लोकर, हाताचा मळ, हवेतली धूळ. मी म्हणाले, "एवढं चालतं, जिन्यात अंधारच असतो." झालं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादी रक्ताची चादर तशीच घडी करून कपाटात ठेवली असावी. त्या दिवसापासून पांढऱ्या टाइल्स त्यांच्या झाल्या. टेबल ओल्या फडक्याने पुसायचं. केसांना रुमाल बांधायचा. लोकर अंगात घालायचीच नाही. बोटं दर गोळ्याला पुसायची. काही दिसलंच तर भुवया कोरायच्या चिमट्याने ओढून काढायचं, दिव्यापुढे धरायचं, "शी" म्हणायचं आणि कागदावर ठेवायचं. तो कागद त्या संध्याकाळी मला दाखवायच्या. त्यांच्या टाइल्स दुधासारख्या निघत. माझ्या त्यांच्या शेजारी ठेवल्या की धुळकट दिसत. त्यांना तो गोळा कधीही आवडला नाही. मळताना तोंड वाकडंच असायचं, मान एका बाजूला, जणू दुसऱ्याच कुणाचे हात आहेत.

चित्र मी माशांचं काढायचं ठरवलं होतं. गडद निळं, काळं. त्यांनी मोडता घातला.

"खाली पांढरं पाहिजे. जिथे थुंकतात, तिथेच."

"आई, तिथे तर लगेच घाण दिसेल!"

"म्हणूनच. हॉस्पिटलच्या चादरी पांढऱ्या का असतात? काळ्या केल्या असत्या तर काम कमी झालं असतं की नाही? घाण दिसली पाहिजे. दिसली की करणाऱ्याला लाज वाटते आणि धुणाऱ्याला धुता येते."

म्हणून मग बगळे. खाली उथळ पाण्यात तीन पांढरे बगळे, वर लव्हाळी आणि थोडं आभाळ.

भिंत खरवडायच्या दिवशी बिल्डिंगमधले मदतीला येणारे एकाएकी आजारी पडले. कुणाचं डोकं, कुणाची पाठ. आम्ही दोघीच उरलो. रबरी हातमोजे, नाकातोंडाला फडकं, पत्र्याची खरवडणी, बादलीत ब्लीच. मी पहिल्यांदा खरवडणी लावली तेव्हा पोपडा निघाला. मला वाटलं होतं की तो वाळका, कुरकुरीत असेल. तो मऊ होता. आतून दमट. हातमोज्यातूनही कळलं. मी खरवडणी टाकून झरोक्याखाली जाऊन उभी राहिले. सासूबाईंच्याही डोळ्यांना पाणी आलेलं, मधूनमधून उबळ येत होती, पण खरवडणी थांबली नाही. "थरावर थर," त्या फडक्याआडून म्हणाल्या. "कांद्यासारखं. डुकरं परवडली."

बाबा वरून खाली चालले होते. आमच्यापाशी थांबले, बादलीत पाहिलं. एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल. "राहू दे ना. कुणीतरी माणूस लावा." आणि भराभर खाली गेले.

बगळे लागले, आणि खरंच सुंदर दिसले. झरोक्याचा उजेड नेमका त्यांच्या पाठींवर पडायचा. लोक जिन्यात थांबून बघायचे. लहान मुलं चोचीवरून बोट फिरवायची, मग सासूबाई फडकं घेऊन तो बोटाचा ठसा पुसायच्या. कोपरा कोरडा राहिला. बरेच दिवस राहिला. सेक्रेटरी आल्यागेल्याला सांगू लागले की ही त्यांचीच कल्पना.

मग एका सकाळी सासूबाईंनी मला जिन्यातूनच हाक मारली. आवाज वेगळा होता, म्हणून मी पिठाच्या हातांनीच धावले. मधल्या बगळ्याच्या पोटावर तपकिरी पिचकारी होती. ओघळून पायापर्यंत आलेली.

"शी! कोण नालायक... थांबा आई, मी फडकं आणते."

"थांब." त्या वाकून बघत होत्या, नाक जवळजवळ टाइलला लागेपर्यंत. "बघ. यात लाल आहे."

होतं. तपकिरी पाण्यात बारीक दोऱ्यासारखं.

"तंबाखूचाच रंग असेल."

"आयुष्यभर दुसऱ्यांचं रक्तच धुतलं मी. मला शिकवू नकोस. गार पाणी आण, गरम नको."

पुसलं. दोन दिवस गेले, पुन्हा. तीच उंची, तोच बगळा, तोच लाल दोरा. जुन्या काळ्या भिंतीवर हे वर्षानुवर्षं पडलं असतं तरी कळलं नसतं. सासूबाई पुसताना पुटपुटायच्या, "माणूस आजारी आहे." आणि पिळलेलं फडकं बादलीत आपटून, "आजारी असला म्हणून काय झालं, डुक्कर तो डुक्करच."

त्यांचा संशय वायरमनवर. तळमजल्यावर राहतो, कमरेला पक्कड, गालात कायम तंबाखू. बिल्डिंगमध्ये उघडपणे खाणारा तो एकटाच. रविवारी सकाळी त्या खाली गेल्या, मी मागोमाग. तो दारातच वायरचं भेंडोळं सोडत बसला होता. त्यांनी वळणं घेतली नाहीत.

"तुम्ही माझ्या बगळ्यावर थुंकता."

"मी?" तो उभा राहिला. "ताई, मी थुंकतो. नाही कशाला म्हणू? पण बाहेर गटारात थुंकतो."

"आणि तुमच्या थुंकीत रक्त येतं."

एव्हाना दारं उघडली होती. सेक्रेटरी पायजम्यातच येऊन उभे राहिले. बाबा कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरत होते, ते मधल्याच पायरीवर थबकले. वायरमनचा चेहरा लाल झाला. त्याने बाहेरच्या गटारापर्यंत चालत जाऊन तोंड रिकामं केलं, नळाखाली चूळ भरली, परत आला, खिशातली बॅटरी काढून सासूबाईंच्या हातात दिली आणि आ वासला.

"बघा. बघा ना आता!"

मला वाटलं, त्या मागे सरतील. त्या पुढे झाल्या. बॅटरी लावली, नाक चिमटीत धरलं आणि त्याच्या तोंडात खरोखर पाहिलं. वर, खाली, जिभेच्या बाजूला. लोक हसायला लागले.

"शी," त्या शेवटी म्हणाल्या. "पण रक्त नाहीये."

"झालं समाधान?" वायरमनने तोंड पुसलं. तो हसत नव्हता. "चारचौघांत माझं तोंड तपासलंत, ताई. गुरांच्या बाजारात तपासतात तसं. मी बोलणार नव्हतो, पण आता ऐका. काखेत कळसा आणि गावाला वळसा. रस्त्याच्या वळणावरच्या टपरीवर माझ्याआधी रोज पुडी कोण घेतं, ते घरी जाऊन विचारा."

हसू थांबलं. सगळ्यांच्या नजरा एकामागून एक जिन्याकडे वळल्या. बाबा तिथेच होते. पिशवी हातात, ओठ घट्ट मिटलेले, डावा गाल किंचित फुगलेला. कुणीतरी काही विचारलं असतं तर ते "हूं" म्हणाले असते. आणि त्या क्षणी मला कळलं, आम्ही इतकी वर्षं ज्याला मितभाषी म्हणत होतो, त्या माणसाचं तोंड भरलेलं असायचं.

सासूबाईंनी बॅटरी परत दिली आणि त्या जिना चढल्या. बगळ्यांपाशीही थांबल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातला दिवा लावला, खिडकीजवळ खुर्ची ओढली. बाबा दारात उभे होते.

"अहो, बसा. तोंड उघडा."

बाबांनी मान हलवली.

माझा नवरा मध्ये पडला. "आई, तो माणूस चिडून काहीही बोलला. तू लगेच बाबांना..."

"तू गप्प बस. अहो, तोंड उघडा म्हणते ना."

बाबा मोरीत गेले. चूळ भरल्याचा आवाज आला, तोच, इतकी वर्षं ऐकलेला. परत येऊन खुर्चीत बसले, आणि तोंड उघडलं. उघडलं म्हणजे काय, दोन बोटंही शिरली नसती. त्याच्यापुढे जबडा हलेचना. तेव्हा एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागच्या जागी बसली. गेले कित्येक महिने ते पाव चहात भिजवून खात होते. तिखट ताटात आलं की बाजूला सारत होते. आम्ही म्हणायचो, वय झालं, दात दुखत असतील.

सासूबाईंनी चमच्याच्या दांड्याने त्यांचा गाल बाजूला केला. मी शेजारीच होते. आधी वास आला. फुलदाणीतलं पाणी महिनाभर बदललं नाही की येतो तसा, आणि त्यावर तंबाखू. मग दिसलं. गालाच्या आत पांढरट, राठ कातडी, आणि तिच्या मधोमध एक खड्डा, लाल, ओला, कडा बाहेर वळलेल्या. मी नजर वळवली.

त्यांनी वळवली नाही. पुरतं पाहून घेतलं. चमचा बाजूला ठेवला, बेसिनकडे वळल्या आणि भडाभडा ओकल्या. सकाळचा चहा, पाव, सगळं. नळ सोडला, चूळ भरली, पावडर टाकून बेसिन घासलं. आम्ही तिघं नुसते बघत होतो.

"कधीपासून?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"तंबाखू? छापखान्यापासून."

"फोड."

"मागच्या हिवाळ्यापासून."

"आणि माझ्याच बगळ्यावर का?"

बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "येताजाता तोंड रिकामं करायला तीच एक अंधारी जागा होती. बगळे लागल्यावर काही दिवस गिळलं. मग जळजळायला लागलं." मान वर न करताच म्हणाले, "तुला किळस येईल म्हणून सांगितलं नाही."

सासूबाई वळल्या. तोंड पांढरंफटक, ओठांच्या कडा ओल्या. "आली असती ना किळस. आत्ता ओकले तशी तेव्हाही ओकले असते. आणि ओकून झाल्यावर म्हणाले असते, चपला घाला. चला, घाला चपला."

सासूबाईंच्या जुन्या हॉस्पिटलातच नेलं. रविवार असूनही ओळखीच्या परिचारिकेने आत घेतलं. पुढचे दिवस तपासण्यांत गेले, आणि शेवटी सर्जननी सगळे कागद पुढ्यात मांडून सांगितलं, "लवकर आलात असं म्हणणार नाही. पण आणखी थोडं थांबला असतात तर माझ्या हातात काही उरलं नसतं." गालाचा आतला भाग आणि जबड्याचा तुकडा काढावा लागला. खड्डा बुजवायला छातीची कातडी घेतली.

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत, पण सासूबाईंनी ते केले म्हणून सांगते. नाकातून नळी. त्या नळीतून पातळ सूप ढकलायचं, मग पाणी ढकलून नळी धुवायची. तोंडाच्या कोपऱ्यातून सतत गळणारी लाळ. जखमेच्या पट्ट्या, पिवळ्या पडलेल्या, सोलून काढाव्या लागायच्या. सगळं त्या करायच्या, आणि करताना सगळं बोलायच्या. "शी, काय वास आहे." "आज कालच्यापेक्षा घाण आहे." "हलू नका, माझ्या हाताला लागलं." एका तरुण परिचारिकेला ते सहन झालं नाही. तिने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, पेशंटसमोर असं बोलू नये, त्यांच्या मनाला लागतं. सासूबाईंनी तिलाच जवळ ओढलं. "पोरी, काल तू पट्टी बदललीस ना, हसतमुखाने? खालचा पू तसाच राहिला होता. तू बघितलंच नाहीस. मी बघते."

बाबांना मी एकदा विचारलं, आईंचं बोलणं लागतं का. तेव्हा नळी होती, बोलता येत नव्हतं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "आता लपवायला काही नाही."

मी स्वतः फारशा कामाची ठरले नाही. नव्या गालाला, तोंडाच्या आत, केस उगवायला लागले, तेव्हा तर मी खोलीतून बाहेर पडले. डॉक्टर म्हणाले, छातीची कातडी आहे, केस यायचेच, आम्ही कापू. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होते आणि मला स्वतःचीच शरम वाटत होती, पण परत आत जाववलं नाही.

बिल्डिंगमध्ये कुजबुज व्हायची ती झालीच. जिची नाकावर माशी बसू द्यायची तयारी नाही, तिच्याच घरात, वगैरे. सासूबाईंनी ती ऐकून सोडून दिली. वायरमनकडे मात्र त्या गेल्या. मला वाटलं, माफी मागायला. त्यांनी त्याचं दार वाजवलं आणि म्हणाल्या, "तोंड दाखवा पुन्हा."

"आता काय राहिलं, ताई?"

"खालच्या दाढेमागे पांढरा डाग होता. त्या दिवशी मी रक्त शोधत होते, त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. जाऊन दाखवून या."

तो चिडला, पुटपुटला, दार लावून घेतलं. पण नंतर गेला, कारण एकदा तो स्वतःहून वर येऊन सांगून गेला की अजून काही नाही, पण तंबाखू सोडली नाही तर होईल म्हणालेत. त्याने सोडली की नाही, मला माहीत नाही. सासूबाई दिसल्या की तो खालच्या पायरीवर थांबून त्यांना आधी जाऊ देतो.

एकदा चादरी वाळत घालताना मी धीर करून विचारलं, "आई, बाबांवरचा राग गेला का हो?"

"राग कधीच गेला. माणूस मरता मरता वाचलाय, त्याच्यावर कसला राग धरायचा?" त्यांनी चादरीची कड झटकली. "किळस नाही गेली. इतकी वर्षं त्या तोंडाने माझ्याशी... जाऊ दे. ती जायची नाही. तिचं काय करायचं ते मला माहीत आहे."

त्यांचा ग्लास वेगळा, बाबांचा वेगळा. अंथरुणं वेगळी. औषधं मात्र त्याच देतात, मला हात लावू देत नाहीत.

नळी निघाली, तरी महिनाभर बाबा त्यांच्या खोलीतच जेवत होते. मग एका रात्री जेवायच्या वेळी ते बाहेर आले आणि टेबलाशी त्यांच्या जुन्या जागेवर बसले. कुणी बोलावलं नव्हतं. सासूबाईंनी भात कालवून, मऊ करून पुढे ठेवला. बाबांच्या डाव्या ओठाला आता काही कळत नाही. घास जायचा, थोडा बाहेर यायचा, हनुवटीवरून ओघळायचा, ते त्यांना समजतही नव्हतं. चावल्याचा ओला आवाज येत होता. मी ताटात बघून जेवत होते. माझ्या नवऱ्याने दोन घास कसेबसे खाल्ले, आणि ताट उचलून उठला.

"मी आत बसतो. फोन यायचाय."

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या.

"आई, खरंच फोन..."

"फोन नाही यायचाय. तुला किळस येतेय. मलाही येतेय. बसलेय ना मी? बस."

तो उभाच राहिला, मान खाली. बाबा चावायचे थांबले होते. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तो बसला. सासूबाईंनी हात लांब करून बाबांची हनुवटी फडक्याने पुसली, तोंड वाकडं करून, आणि फडकं घडी घालून स्वतःच्या ताटाशेजारी ठेवलं.

थोड्या वेळाने बाबांनी काहीतरी मागितलं. ओठ मिटत नसल्यामुळे त्यांना आता 'म' नीट म्हणता येत नाही. पण ते मीठ मागताहेत हे आम्हा तिघांनाही कळलं, आणि माझ्या नवऱ्याने बरणी त्यांच्याकडे सरकवली.